पॉप-अप कॅम्परचं दार प्रवासात उघडू नये, पडू नये म्हणून काय करायचं

अमेरिकेत आपल्या लोकांमध्ये हल्ली जुना पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायचं, छत वर उचलून कॅनव्हासच्या भिंती उघडणारं घडीचं फिरतं घर) घ्यायचं प्रमाण चांगलंच वाढलंय, आमच्या मिशिगनमधल्या ओळखीत तर तीन-चार घरांत आहे. हलका असतो, साध्या एसयूव्हीमागे ओढता येतो आणि मुलं खूश. घेताना सगळे टायर बघतात, कॅनव्हास बघतात, छत कुठे गळतंय का बघतात, पण दार कोणी नीट बघत नाही, आम्हीपण बघितलं नव्हतं. पहिल्याच मोठ्या ट्रिपला, डेट्रॉइटजवळून लडिंग्टन स्टेट पार्कला चारेक तास ओढत नेला आणि तिथे क्रँक (छत उचलायचं हँडल) फिरवून छत वर घेतलं तर दाराचा वरचा भाग छताला लटकतोय, त्याचा कोपरा कॅनव्हासमध्ये अडकून हातभर फाटलेला, एका बिजागरीचे स्क्रू छतातून उपसून आलेले, आणि रात्री पाऊस. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी दाराची रचना समजून घ्या. पॉप-अपचं छत खांबांवर वरखाली होतं (१९६८ मध्ये इंडियानात जेको कंपनी सुरू करणाऱ्या लॉइड बॉन्ट्रेगर यांनी छत उचलायची स्वतःची यंत्रणा बनवली होती, त्यावरच त्यांचा धंदा उभा राहिला), आणि छत खाली बसल्यावर सगळा कॅम्पर जेमतेम छातीइतका उंच राहतो. मग त्यात पूर्ण उंचीचं दार मावणार कसं? म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये दाराचे दोन भाग असतात. खालचा अर्धा भाग बॉक्सच्या (म्हणजे कॅम्परच्या खालच्या टणक भागाच्या) भिंतीत, नेहमीच्या दारासारखा बाहेर उघडणारा. वरचा अर्धा भाग छताला बिजागरीवर टांगलेला, तो प्रवासात वर उचलून छताच्या आतल्या बाजूला सपाट चिकटवून खटक्यांनी अडकवतात. म्हणजे धोके दोन आणि वेगवेगळे. वरचा भाग आत पडतो आणि तो पडलेला तुम्हाला दिसतच नाही, कारण छत बंद असतं. खालचा भाग बाहेर उघडतो आणि शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. दोन्हीला दोन-दोन आधार हवेत, एक कंपनीचा आणि एक आपला. काही मॉडेलमध्ये अख्खं दार छताला जातं, त्यांनी वरच्या भागाचं सगळं तेवढंच काळजीपूर्वक करायचं.

पहिलं काम वरच्या भागाचं. छत वर असताना दार छताला लावा आणि हाताने खाली ओढून बघा, हलकं नाही, चांगलं ओढा, रस्त्यावरचा खड्डा त्याहून जोरात ओढणार आहे आणि मिशिगनचे हिवाळ्यानंतरचे खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. प्लॅस्टिकचे खटके उन्हाने आणि थंडीने कडक होऊन तडकतात, बारीक चीर दिसली तरी बदला, स्वस्त असतात. खटका चांगला आहे पण स्क्रू नुसताच फिरतोय असं असेल तर आतलं लाकूड खाल्लं गेलंय किंवा ओलं होऊन कुजलंय. नुसतं भोक मोठं झालं असेल तर लाकडाचा गोंद लावून दोन-तीन टूथपिक ठासून भरायच्या, एक दिवस वाळू द्यायचं, वरचं कापून टाकायचं आणि मग स्क्रू बसवायचा. लाकूड बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल तर टूथपिकने काही होणार नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा आणि तेवढा तुकडा बदला.

इथे एक चूक अजिबात करू नका, जास्त लांब स्क्रू. घट्ट बसेल म्हणून लोक लांब स्क्रू मारतात आणि तो छताच्या वर निघतो, मग गळती कायमची. जुना स्क्रू काढून त्याच्याच लांबीचा घ्या, आणि ड्रिल करायचंच असेल तर बिटला हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळा म्हणजे कुठे थांबायचं ते दिसतं.

मग आपला आधार म्हणजे पट्टा. एक इंच रुंदीचा नायलॉनचा पट्टा आणि बॅगेला असतं तसं दाबून उघडायचं बकल. छतात जिथे लाकडी पट्टी आहे (जुने खटके जिथे आहेत तिथे ती असतेच) तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या कड्या बसवायच्या, त्यातून पट्टा ओवून दाराखालून आडवा न्यायचा आणि कसायचा. लवचिक बंजी दोरी वापरू नका, ती खड्ड्यात ताणते आणि दार तेवढं खाली येऊन परत वर आपटतं, आणि खटके तुटतात ते या आपटण्यानेच. पट्ट्याला ताण कमी असला तरी चालेल, पण तो ताणला जाणारा नको.

आता खालचा भाग. आधी बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा. पुढच्या बाजूला असतील तर वारा दार दाबून धरतो, मागच्या बाजूला असतील तर दार जरा फटीला आलं की वारा आत घुसतो आणि उपटतो. त्यांनी बाहेरची कडी लावल्याशिवाय गाडी हलवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅच तपासायची वेळ महत्त्वाची आहे. कॅम्पर हिचला (गाडीच्या मागच्या जोडणीला) जोडलेला, चारही स्टॅबिलायझर (कॅम्पमध्ये कोपऱ्यांखाली टेकवायचे पाय) वर घेतलेले, सामान भरलेलं, अशा अवस्थेत तपासा. कारण स्टॅबिलायझर जोरात कसले असतील तर चौकट पिळते आणि दाराची जागा बदलते, कॅम्पमध्ये छान बसणारं दार रस्त्यावर नीट बसेलच असं नाही (आणि स्टॅबिलायझर कॅम्पर लेव्हल करायला नसतातच, ते फक्त हलू नये म्हणून). लॅचची जीभ चौकटीतल्या पत्र्याच्या खाचेत किती जातेय हे बाहेरून कळत नाही. मी जिभेवर ओलं कुंकू लावते, दार बंद करते, उघडते आणि खूण कुठे उमटली ते बघते. खूण खाचेच्या काठावरच असेल तर जीभ नुसती टेकलीये, धरलेली नाही. मग पत्रा सरकवायचा किंवा कानशीने खाच थोडी मोठी करायची. रबराचं सील नवीन आणि जाड घातलं असेल तरी हेच होतं, ते दाराला बाहेर ढकलत राहतं. सील अगदी पातळ झालं असेल तर दार खडखडतं आणि लॅच झिजतो, म्हणजे बंद करताना हाताला थोडा दाब लागला पाहिजे इतपत सील बरोबर.

बाहेरचा दुसरा आधार म्हणजे आपला घरचाच कडी-कोयंडा, स्टेनलेसचा. आतून कडी लावायचा विचार करू नका, छत खाली आल्यावर तिथे हात कसा पोचणार? दाराचा मधला भाग बहुतेक वेळा फोम आणि वरून पातळ पत्रा असतो, त्यात स्क्रू धरत नाही, कडेच्या लाकडी चौकटीतच मारा किंवा जमलं तर आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्या. प्रत्येक भोकाला ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी) लावा, सिलिकॉन नको, ते सुटतं आणि मग त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. कोयंड्यात कुलूप किंवा कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात ती स्प्रिंगची कडी).

निघायच्या दिवशी क्रम असा ठेवा. दाराभोवतीचं कॅनव्हासचं व्हेलक्रो सोडवा, वरचा भाग छताला, खटके, पट्टा, ओढून बघा. बाहेर सरकवलेले बेड आत घ्या. छत खाली आणताना वीतभर उरलं की थांबा आणि बाहेरूनच टॉर्च मारून बघा, पट्टा दिसतोय ना, कॅनव्हास कुठे चिमटत नाहीये ना. हात किंवा डोकं आत घालू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये छताचे खांब केबलने उचलले जातात आणि केबल तुटू शकते. मग छत पूर्ण खाली, चारही कोपऱ्यांचे लॅच, खालचं दार, कोयंडा, पायरी आत. दाराला आतून टेकेल असं जड काही ठेवू नका, कूलर तर नाहीच, तो ब्रेकला सरकतो आणि आतून धक्के देतो. गॅसचा सिलिंडर बंद. आणि दार कितीही पक्कं असलं तरी ओढताना आत माणूस बसवायचा नाही.

शेवटी दार आणि भिंत यांच्या सांध्यावर निळ्या पेंटर्स टेपचा एक तुकडा आडवा चिकटवा. पंधरा-वीस मैलांवर पहिला थांबा घ्या, टेप सुरकुतली किंवा सुटली असेल तर दार हललंय, तिथेच लॅच परत बघा. नंतर दर पेट्रोलच्या थांब्याला एक फेरी मारायची. रस्त्यात लॅच तुटलाच तर रॅचेटचा पट्टा दारावरून बॉक्सभोवती आडवा फिरवा, कोपऱ्यांना टॉवेल द्या, हाताने घट्ट होईल इतकाच कसा, आणि हळू चालवत पुढच्या एक्झिटला बाहेर पडा.

कॅम्पला पोचलात की छत उचलायच्या आधी कोयंड्यातला कॅराबिनर काढायचा. लोक झोपलेले असताना बाहेरची कडी चुकून लागलेली राहिली, किंवा मुलांनी खेळताना लावली, आणि आत आग लागली तर बाहेर पडायची वाट बंद. म्हणून आमच्याकडे तो कॅराबिनर आत सिंकजवळच्या हुकला अडकवायचा आणि रात्री दिवे बंद करायच्या आधी तो तिथे आहे ना हे मोठ्याने विचारायचं, उत्तर मुलगी देते.