जैविक रेणू आणि पेशीरचना: परीक्षेआधी उजळणी कशी करावी

जैविक रेणू आणि पेशीरचना ही प्रकरणे पुस्तकात वेगवेगळी छापलेली असतात आणि बहुतेक विद्यार्थी त्यांची उजळणीही वेगवेगळीच करतात. एकात सूत्रे आणि बंध पाठ करायचे, दुसऱ्यात आकृत्या आणि पेशीअंगकांची कार्ये, अशी ही वाटणी असते. व्याख्या आणि रिकाम्या जागा यांच्यापुरती ती चालून जाते, पण ‘कारण द्या’ किंवा ‘स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की गुण जायला लागतात, कारण त्याचे उत्तर या दोन प्रकरणांच्या मध्ये कुठेतरी असते. पाचक विकरे (एन्झाइम) स्रवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींत खडबडीत आंतर्द्रव्यजालिका विपुल का असते, हा प्रश्न पेशीरचनेचा वाटतो. पण विकरे ही प्रथिने असतात आणि पेशीबाहेर पाठवायची प्रथिने या जालिकेला चिकटलेल्या रायबोझोमवर तयार होतात, हे रेणूंच्या प्रकरणातले ज्ञान हाताशी नसेल तर उत्तर अर्धेच राहते. म्हणून प्रत्येक रेणूचा माग तो पेशीत जिथे काम करतो तिथपर्यंत काढावा, आणि प्रत्येक पेशीअंगकापाशी थांबून ते कोणत्या रेणूंचे बनले आहे हे स्वतःला विचारावे.

सुरुवात पुस्तक मिटून आणि कोरा कागद घेऊन करावी. कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले या चार गटांबद्दल आठवेल ते सारे लिहावे: घटक कोणता, घटकांना जोडणारा बंध कोणता, त्यातून कोणता मोठा रेणू तयार होतो आणि तो पेशीत कुठे सापडतो. मग पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले दुसऱ्या रंगाच्या शाईने भरावे. दुसऱ्या रंगात जे उमटले तेवढाच खरा अभ्यास शिल्लक आहे. प्रकरण पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे झाले म्हणजे येते असा समज होतो, पण परीक्षेत ओळखायचे नसते, आठवून लिहायचे असते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा नव्या कोऱ्या कागदावर हेच करावे.

चार गटांपैकी कर्बोदकांवर सर्वाधिक वेळ घालवणे मला योग्य वाटते, कारण रचनेतल्या लहानशा फरकाने रेणूचे काम कसे बदलते हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्याचे षटकोनी वलय काढून कार्बन अणूंना १ ते ६ क्रमांक द्यावेत आणि १ क्रमांकाच्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाकडे नीट पाहावे. नेहमीच्या आकृतीत तो खालच्या बाजूला असेल तर ते अल्फा ग्लुकोज आणि वरच्या बाजूला असेल तर बीटा ग्लुकोज. आता अल्फा ग्लुकोजचे दोन रेणू शेजारी काढून एकाचा १ क्रमांकाचा आणि दुसऱ्याचा ४ क्रमांकाचा कार्बन जोडावा. या जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून माल्टोजमध्ये हायड्रोजनचे २४ नव्हे तर २२ आणि ऑक्सिजनचे १२ नव्हे तर ११ अणू असतात. हा हिशेब एकदा स्वतः केला की संघनन (पाणी बाहेर पडून होणारी जोडणी) आणि जलअपघटन (पाणी घेऊन होणारी तोड) यांच्या व्याख्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मग हेच बीटा ग्लुकोजने करून पाहावे. जोडायचे दोन्ही गट एका बाजूला यावेत यासाठी दुसरा रेणू उलटा करावा लागतो, पुढचा पुन्हा सुलटा, आणि या आलटापालटीमुळे साखळी सरळ राहते. अशा शेजारशेजारच्या सरळ साखळ्या असंख्य हायड्रोजन बंधांनी बांधल्या जाऊन सेल्युलोजचे बळकट सूक्ष्मतंतू तयार होतात आणि त्यांचीच पेशीभित्तिका बनते. अल्फा ग्लुकोजची साखळी मात्र मळसूत्रासारखी वळते, त्यामुळे स्टार्च थोड्या जागेत मावते, आणि ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे पेशीतल्या परासरणावर परिणाम न करता लवकांत साठवता येते. ग्लायकोजेनमध्ये १ आणि ६ क्रमांकांच्या कार्बनमधील बंधांमुळे पुष्कळ शाखा असतात. शाखा जितक्या जास्त तितकी साखळीची मोकळी टोके जास्त, आणि तितके ग्लुकोज एकाच वेळी सुटे करता येते. यकृताच्या आणि स्नायूंच्या पेशींना नेमके हेच हवे असते. उत्तर लिहिताना आधी रचना, मग तिच्यामुळे आलेला गुणधर्म आणि शेवटी त्याचा पेशीला होणारा उपयोग, हा क्रम सोडू नये.

मेदांविषयी दोनच गोष्टी पक्क्या कराव्यात. ट्रायग्लिसराइड हे बहुवारिक, म्हणजे एकसारख्या घटकांची लांब साखळी, नाही. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू एस्टर बंधांनी जोडले जातात आणि पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात, एवढ्यावर ती रचना संपते. फॉस्फोलिपिडमध्ये तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेट गट असतो, त्यामुळे रेणूचे डोके जलस्नेही आणि दोन शेपट्या जलविरोधी होतात. पाण्यात असे रेणू शेपट्या आत लपवून दुहेरी थर करतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेले प्रद्रव्यपटलाचे, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पटलाचे, प्रारूप याच थरावर उभे आहे, म्हणून पटलाची आकृती मेदांच्या उजळणीतच काढावी.

प्रथिनांत २० प्रकारची अमिनो आम्ले पेप्टाइड बंधांनी जोडलेली असतात. संरचनेच्या चार पातळ्यांची नावे सर्वांना येतात, पण प्रत्येक पातळी कोणत्या बंधांमुळे टिकते हे बहुधा राहून जाते. तापवल्यावर विकर निकामी होते तेव्हा हायड्रोजन बंधासारखे दुर्बल बंध तुटून रेणूचा आकार आणि त्यासोबत सक्रिय स्थान बिघडते, पेप्टाइड बंध मात्र शाबूत राहतात. ‘विकर मरते’ असे कधीही लिहू नये, कारण विकर सजीव नसते. क्रमाचे महत्त्व सांगायला सिकलसेल आजाराचे उदाहरण उत्तम आहे: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि ऑक्सिजन कमी असताना तांबड्या पेशीचा आकार कोयत्यासारखा होतो. न्यूक्लिक आम्लांसाठी न्यूक्लिओटाइडचे तीन भाग, डीएनए आणि आरएनए यांतला फरक, आणि अॅडेनिन-थायमिनमध्ये दोन तर ग्वानिन-सायटोसिनमध्ये तीन हायड्रोजन बंध असतात, एवढे पुरेसे आहे.

रासायनिक चाचण्यांत रंगाइतकीच कृतीही लिहावी लागते. क्षपणकारी शर्करा ओळखण्यासाठी बेनेडिक्ट द्रावण मिसळून गरम पाण्यात तापवणे आवश्यक असते, प्रथिनांच्या बाययुरेट चाचणीत तापवायचे नसते. सुक्रोज ही क्षपणकारी शर्करा नसल्याने ते बेनेडिक्ट द्रावणाला थेट प्रतिसाद देत नाही. ते आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासोबत उकळून, मग सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करून चाचणी पुन्हा केली की विटकरी लाल रंग येतो. उदासीन करण्याची पायरी विद्यार्थी हमखास विसरतात.

पेशीअंगकांची यादी वरून खाली पाठ करण्यापेक्षा एका प्रथिनाचा प्रवास काढावा. केंद्रकातल्या डीएनएवरून संदेशवाहक आरएनए तयार होतो, तो केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर येतो, रायबोझोमवर अमिनो आम्लांची साखळी जुळते, ती खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत शिरून घडी घेते, पिटिकेतून (पटलाच्या छोट्या पिशवीतून) गॉल्गी संकुलात जाते, तिथे तिच्यात आवश्यक बदल होतात, आणि शेवटी दुसरी पिटिका प्रद्रव्यपटलाशी एकरूप होऊन प्रथिन बाहेर सोडते. या सर्व टप्प्यांना लागणारी ऊर्जा तंतुकणिकांतून येते. हा मार्ग जॉर्ज पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लांचा पेशीतला माग काढून सिद्ध केला, आणि १९७४ सालच्या नोबेल पुरस्कारात पॅलाडे यांच्यासोबत लयकारिकांचा (पेशीतल्या पाचक विकरांच्या पिशव्यांचा) शोध लावणारे क्रिस्तियाँ द दूव्हही होते. एका कागदावर काढलेल्या या प्रवासात निम्म्याहून अधिक पेशीअंगके कार्यासह येऊन जातात.

आदिकेंद्रकी (पटलयुक्त केंद्रक नसलेल्या) आणि दृश्यकेंद्रकी (तसे केंद्रक असलेल्या) पेशींची तुलना करताना रायबोझोमचा आकार विसरू नये. जीवाणूंत ते ७०एस असतात, दृश्यकेंद्रकी पेशींच्या पेशीद्रव्यात ८०एस, आणि तंतुकणिका व हरितलवके यांच्या आत पुन्हा ७०एस. ५०एस आणि ३०एस हे दोन भाग मिळून ७०एस कसे, असा प्रश्न पडतो आणि पडायलाच हवा. एस हे अवसादनाच्या वेगाशी निगडित एकक आहे, वजनाचे नाही, त्यामुळे त्याची सरळ बेरीज होत नाही. ‘वनस्पती पेशीत तंतुकणिकांऐवजी हरितलवके असतात’ हे विधान तर साफ चूक आहे, कारण श्वसन वनस्पती पेशीही करतात. मुळांच्या पेशींत मात्र हरितलवके सहसा नसतात. ‘पेशीभित्तिका सेल्युलोजची असते’ हेही सरसकट लिहू नये, कारण कवकांत ती कायटिनची आणि जीवाणूंत पेप्टिडोग्लायकनची असते.

विशालनाची गणिते रोज एक तरी सोडवावीत. प्रतिमेचा आकार भागिले प्रत्यक्ष आकार म्हणजे विशालन, सूत्र इतकेच आहे, चूक होते ती एककांत. आकृतीतल्या पेशीची लांबी पट्टीने ४५ मिलिमीटर भरली आणि विशालन १५०० पट दिले असेल, तर आधी ४५ ला १००० ने गुणून ४५,००० मायक्रोमीटर करावेत, मग १५०० ने भागावे. उत्तर ३० मायक्रोमीटर येते. आता ते शक्य आहे का हे तपासावे. बहुतेक प्राणी आणि वनस्पती पेशी साधारण १० ते १०० मायक्रोमीटरच्या असतात, त्यामुळे ३० पटते. ०.०३ किंवा ३०,००० आले असते तर एकक बदलताना घोळ झाला हे लगेच कळले असते. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची विभेदन क्षमता, म्हणजे दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर, सुमारे २०० नॅनोमीटर असते आणि रायबोझोम २० ते ३० नॅनोमीटरचा, म्हणून तो पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशीच्या आकृतीत रायबोझोम दाखवणे चूक का, याचे कारणही हेच.

शेवटच्या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात आणि उत्तरे आदर्श उत्तरांशी ताडून स्वतःच तपासावीत, तीही कठोरपणे. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात दोन्ही बाजूंची विधाने एकाच मुद्द्यावर आहेत का ते पाहावे. ‘प्रद्रव्यपटल निवडक्षम पार्य असते आणि पेशीभित्तिका जाड असते’ हा फरक होत नाही, ‘प्रद्रव्यपटल निवडक्षम पार्य असते, तर पेशीभित्तिका पाणी आणि विरघळलेल्या लहान रेणूंना मुक्तपणे जाऊ देते’ हा होतो. आकृतीतली नामनिर्देशक रेषा ज्या भागाचे नाव लिहिले त्याला प्रत्यक्ष टेकली आहे का, हेही पाहावे. जिथे गुण गेले तो मुद्दा नव्या कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, पुन्हा लिहून काढावा.