आधी गाव, मग नाव: आयरिश पूर्वज शोधायला निघण्याआधीची तयारी

तिकीट काढायची घाई करू नका. आम्ही केली होती. जावयाचे खापरपणजोबा १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर कॉर्कहून बॉस्टनला आले, एवढ्या शिदोरीवर आम्ही चौघं पाच दिवस कॉर्क जिल्ह्यात फिरून आलो. पाऊस भरपूर पाहिला, लोणी उत्तम होतं, पूर्वज काही भेटले नाहीत. सलिव्हन आडनाव घेऊन कॉर्कमध्ये चौकशी करणं म्हणजे पाटील आडनाव घेऊन कोल्हापुरात चौकशी करणं, हे तिथे गेल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेच्या आधी घरी बसून दीड वर्ष तयारी केली. सुनेच्या किंवा जावयाच्या आयरिश घराण्याचा कुलवृत्तांत जमवायला निघालेली आपली बरीच मंडळी आता भेटतात, म्हणून ती तयारी इथे मांडते.

सगळ्यात आधी गाव. आपल्याकडे ओळख झाली की दुसरा प्रश्न "मूळचे कुठले?" असाच येतो, आणि 'पुणे जिल्हा' या उत्तरावर कोणी समाधान मानत नाही. आयर्लंडमध्येही जिल्ह्याचं, म्हणजे काउंटीचं, नाव पुरत नाही. तुम्हाला हवा असतो टाउनलँड. नावात टाउन असलं तरी ही जेमतेम वाडी असते: शे-दोनशे एकर जमीन, पाचदहा घरं. असे टाउनलँड देशभर साठ हजारांवर आहेत आणि एकाच नावाचे कितीतरी. आपल्या बुद्रुक आणि खुर्दसारखे तिथे 'मोर' आणि 'बेग' लागतात, आयरिश भाषेत मोठं आणि लहान. बॅली म्हणजे वस्ती, नॉक म्हणजे टेकडी, किल म्हणजे बहुधा चर्च, कधी रानही. पत्रांत ही नावं कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात, त्यामुळे लॉगानिम हा गावनावांचा मोफत ऑनलाइन कोश हाताशी ठेवा आणि प्रत्येक नाव चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधा.

हे गावाचं नाव सापडतं ते बहुतेकदा आयर्लंडबाहेर, ज्या देशात ते लोक जाऊन राहिले तिथे. म्हणून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी आधी बोला, आणि प्रश्न विचारण्यापेक्षा फोटोंचा डबा समोर ठेवा. थडग्यावरचा मजकूर, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, मृतासाठीच्या प्रार्थनेची छोटी छापील कार्डं, चर्चमधली लग्नाची नोंद, हे सगळं गोळा करा. नागरिकत्वाच्या जुन्या कागदांवर फार विसंबू नका; १९०६ च्या आधीच्या कागदांत पुष्कळदा नुसतं 'आयर्लंड' लिहून मोकळे झालेले असतात. बॉस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ पासून जवळजवळ नव्वद वर्षं हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. त्यांत काउंटी, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा टापू), कधीकधी टाउनलँडसुद्धा असे. आम्हाला दुवा मिळाला तो मात्र एका थोरल्या आत्याच्या प्रार्थनापुस्तकात खोचलेल्या कार्डावर. अमेरिकेतलं घर धुंडाळून होईपर्यंत समुद्र ओलांडायचा नाही, हा नियम मी आता सगळ्यांना सांगते.

त्यानंतर, काय मिळणारच नाही ते नीट समजून घ्या, म्हणजे महिने वाया जात नाहीत. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना थोडे तुकडे सोडता तिथेच जळाल्या. १८६१ ते १८९१ च्या तर सरकारने स्वतःच आधी नष्ट केल्या होत्या. काहींचा पहिल्या महायुद्धात लगदा केला. पूर्ण शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या, आणि त्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यातली वयं मात्र मिठाच्या खड्यासोबत नव्हे, अख्ख्या मिठागरासोबत घ्या. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि सत्तर वर्षांपूर्वीचा जन्मदाखला तर कोणाकडेच नव्हता, कारण सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ ला. मग लोक सांगत, ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं महावादळ मला आठवतंय. परिणामी १९०१ ला पंचावन्न वर्षांची असलेली बाई १९११ ला सत्तरीची निघते. पण याच पेन्शनमुळे एक घबाडही हाती लागतं. वयाच्या पुराव्यासाठी अधिकाऱ्यांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनांतून उतारे काढून घेतले होते. मूळ वह्या जळाल्या, उतारे राहिले. तुमच्या घराण्यातलं कोणी १९०९ नंतर आयर्लंडातच म्हातारं झालं असेल तर हे उतारे शोधायचं काम यादीत वर घ्या.

आता चर्चच्या वह्या. घराणं कोणत्या पंथाचं हे आधी ठरवा. एकेकाळच्या सरकारी पंथाच्या, म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडच्या, निम्म्याहून अधिक वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या दफ्तरखान्यात ठेवल्या होत्या, त्या गेल्या. कॅथलिकांच्या वह्या पाद्र्यांच्या घरी कपाटात पडून होत्या, त्या वाचल्या. नॅशनल लायब्ररीने साधारण १८८० पर्यंतच्या या कॅथलिक वह्यांची छायाचित्रं २०१५ ला सगळ्यांसाठी मोफत खुली केली. शहरांत नोंदी अठराव्या शतकात सुरू होतात. पश्चिमेच्या गरीब पॅरिशमध्ये कधी १८३०, कधी दुष्काळानंतर. आपल्या पॅरिशची वही कोणत्या साली सुरू होते ते आधीच लिहून ठेवा. तिच्या मागे जाता येत नाही.

या वह्या वाचायला लॅटिन शिकावं लागत नाही, वीसेक शब्द पुरतात. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, योआनेस म्हणजे जॉन. होनोरा पुढे नोरा होते आणि ब्रिजेट अमेरिकेत डेलिया. अक्षर लागत नसेल तर एकाच ओळीकडे टक लावून बसू नका, त्याच पाद्र्याची मागची-पुढची दहा पानं वाचा. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, हे मोठंच भाग्य. शेजारी धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं असतात, आणि ती बहुधा काका, मावशी, शेजारी यांचीच. ती उतरवून घ्यायचा कंटाळा करू नका.

मी तो कंटाळा केला आणि सहा महिने भलत्याच घराण्याची वंशावळ रचली. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी तिथे रीत होती. आपल्याला ती ऐकून बरं वाटतं, पण तिचा हिशेब करून पाहा: एका आजोबांचे पाच मुलगे, म्हणजे एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाचे पाच नातू. माझ्या दोन डॅनियलांपैकी खरा कोणता, ते शेवटी धर्ममातेच्या नावावरून सुटलं. तेव्हापासून एक माणूस शोधत नाही; त्या आडनावाचे वीस वर्षांतले सगळे बाप्तिस्मे तक्त्यात भरते आणि मग घरं वेगळी करते. १८६४ नंतरचे दाखले आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर आहेत. जन्माच्या आधीच बाप्तिस्मा झालेला दिसला तर दचकू नका. नोंदीला उशीर झाला की दंड असे, म्हणून जन्मतारीख पुढे ढकलली जाई.

चर्चने माणूस दिला की जमिनीने जागा द्यायची. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला ग्रिफिथचं मूल्यांकन परकं वाटणार नाही. रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली कर बसवण्यासाठी झालेली ही मोजणी १८४७ ते १८६४ या काळात छापली गेली. त्यात कसणाऱ्याचं नाव, जमीन ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव, क्षेत्र आणि आकारणी आहे. नकाशावर गट क्रमांकही आहेत. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये येतं. एक रूड म्हणजे बरोबर दहा गुंठे. 'हाउस, ऑफिस अँड लँड' असं वाचून पूर्वजांचं ऑफिस होतं म्हणून हुरळू नका, ऑफिस म्हणजे गोठा किंवा कोठार. एकाच नावाचे दोघे असतील तर कंसात बापाचं नाव किंवा केसांचा रंग दिलेला असतो. याच्या पुढचे फेरफार रिव्हिजन बुकांत सापडतात, दरवेळी वेगळ्या रंगाच्या शाईत: जुनं नाव खोडलेलं, नवं वर. बाप कधी गेला, जमीन कोणत्या मुलाकडे आली, कोण परदेशी गेला, याचा अंदाज त्यावरून येतो. मागे जायचं तर १८२३ नंतरच्या टाइथच्या, म्हणजे चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या, वह्या आहेत, पण त्यात शेतजमीनच, गावठाण आणि भूमिहीन मजूर जवळजवळ नाहीतच.

घराण्यातलं कोणी 'मुंबईला सैन्यात होतं' अशी गोष्ट असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी पलटण १८८१ पर्यंत रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स होती. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदी ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात, एन-३ या मालिकेत आहेत.

प्रवासाचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. बेलफास्टलाही, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडात, जायचं असेल तर आधी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची चौकशी करा. डब्लिनच्या दफ्तरखान्यांत वाचक-कार्ड लागतं, पेनऐवजी पेन्सिल न्या. पॅरिशच्या पाद्र्याला महिनाभर आधी पत्र लिहा, फक्त एकच प्रश्न विचारा आणि चर्चच्या पेटीत काही टाका. त्याच्याकडे वह्या असल्या तरी तो काही कारकून नाही. ग्रिफिथचा नकाशा छापून घ्या, गुडघ्यापर्यंतचे बूट घ्या, आणि शेतात शिरण्याआधी घराची कडी वाजवा.

आम्ही वाजवली. शेतकऱ्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि आम्हाला ओढ्यापलीकडे नेलं. भिंती उभ्या होत्या, छपराला पत्रा, आत तीन वासरं. ग्रिफिथच्या रकान्यात जे 'हाउस' होतं ते आता 'ऑफिस' झालं होतं.