शाळेजवळचा ओढा: काय काढायचं, काय राहू द्यायचं

ठाणे-नवी मुंबई परिसरातल्या येऊर, पारसिक किंवा खारघरच्या डोंगरातून उतरणारे ओढे पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यापर्यंत बहुतेक आटतात. एप्रिल-मेमध्येही करडं, वासाचं पाणी वाहत असेल तर ते सांडपाणी समजा. त्यात मुलांना उतरवू नका. पाइप कुठे सुटतो त्याचा फोटो आणि नेमकं ठिकाण महापालिकेला लेखी कळवा. ते बंद होईपर्यंत काठावर रोपं जोमाने वाढतील, पण पाण्यातले जीव परतणार नाहीत, कारण सांडपाणी कुजताना प्राणवायू संपतो.

जागा कोणाची हे आधी विचारा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय घाणेरीची (टणटणी, बाहेरून येऊन माजलेलं झुडूप) फांदीही तोडायची नाही.

पाहणी पावसाळा संपल्यावर, पाणी घोट्याएवढं असताना करा. ओढ्याचा 50 मीटरचा पट्टा पुरे. पाण्याचा वेग कळावा म्हणून त्यात 10 मीटर मोजून संत्र्याची साल सोडा आणि लागलेले सेकंद तीनदा मोजा. सुकं पान वाऱ्याने ढकललं जातं, साल अर्धी बुडून वाहते. मग नारळाएवढा एक दगड उचला, खालच्या अंगाला जाळी धरा आणि दगड हाताने चोळून त्यावरचं सगळं पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात उतरवा. चपटं अंग, मागे बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेने सतत हलणारे कल्ले दिसले तर ती मेफ्लाय या उडत्या किड्याची पिल्लं: पाणी बरं आहे. नुसते लाल, वळवळणारे रक्तकिडेच निघाले तर वरच्या अंगाला घाण मिसळते आहे. जीव परत सोडा, दगड त्याच जागी, त्याच कुशीवर ठेवा.

आता साफसफाई, आणि शाळांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. प्लास्टिक, थर्माकोल, चिंध्या काढा. काचा मोठ्यांनीच उचलाव्यात. पालापाचोळा, गोटे, पडलेलं लाकूड मात्र जागेवर राहू द्या. पानांवर किडे जगतात, किड्यांवर मासे आणि बेडूक. गोट्यांवर आपटूनच पाण्यात हवा मिसळते. जेसीबी लावून ओढा सरळ केला की फोटो छान येतो, पण पाण्याचा वेग वाढतो आणि पुढच्याच पावसात काठ ढासळतो. डासांसाठी गप्पी मासेही सोडू नका, ते इथले नाहीत आणि बेडकांची लहान पिल्लं खातात.

घाणेरी पावसाआधी, फळं धरायच्या आत कुदळीने मुळासकट काढा. नुसती छाटली तर दुप्पट फुटते. एका वेळी चार-पाच मीटरच काठ मोकळा करा, उघडी माती पहिल्या सरीत वाहून जाते.

लागवड जून-जुलैत, पाऊस लागून राहिल्यावर. झुडपांत अडकलेल्या पिशव्या पुराची रेषा दाखवतात. त्या रेषेखाली वाळा, निर्गुडी, वाळुंज. वर उंबर, करंज, जांभूळ, तीन-तीन मीटरवर. वाळ्याचे दोन-तीन फुटवे एकत्र धरून पाती 20 सेंटिमीटर ठेवून छाटा आणि उताराला आडव्या ओळीत 15 सेंटिमीटरवर लावा. दाट सावलीत वाळा तग धरत नाही. निर्गुडी आणि वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन फुटी फांद्या घ्या. बुडाशी तिरका, शेंड्याला सरळ काप द्या आणि दोन तृतीयांश भाग जमिनीत खोचा. कापातला फरक ठेवला नाही की घाईत निम्म्या फांद्या उलट्या खोचल्या जातात आणि वाळतात.

पावसाळ्यात मुलांनी काठावरूनच काम करायचं. इथे लख्ख असलं तरी डोंगरावर काळोख दाटला असेल तर काठही सोडायचा, लोंढा मिनिटांत येतो. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) धोका असल्याने पायाला जखम असलेल्याने बाहेर थांबायचं. बाकीच्यांना गमबूट, हातमोजे, शेवटी साबणाने हातपाय.

पहिले दोन उन्हाळे रोपांना आठवड्यातून दोनदा पाणी लागतं. मे महिन्यात शाळा बंद असते आणि रोपं जातात ती तेव्हाच, म्हणून सुट्टी लागायच्या आधी शिपाईमामा आणि जवळ राहणारे पालक यांच्या पाळ्या नावानिशी लिहून फळ्याशेजारी लावा. रोपांभोवतीचं सुकं गवत मीटरभर कापून टाका, डोंगरावरचा वणवा अनेकदा खाली उतरतो.