केमिस्ट्रीत बी.एस्सी. करताय? मग हे आधी वाचा

‘केमिस्ट्री घेतेय’ असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे केमिकल इंजिनिअर होणार ना?’ नाही. हा फरक बारावीतच कळायला हवा, कारण दोन्हीकडे जाण्याच्या वाटाच वेगळ्या आहेत. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी; जुनी मंडळी अजून यूडीसीटीच म्हणतात) केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. तिथला अभ्यास प्लँटचा असतो: रिअ‍ॅक्टर केवढा घ्यायचा, उष्णता कशी काढून घ्यायची, फ्लास्कमधली प्रक्रिया हजार लिटरला कशी वागेल. बी.एस्सी.वाल्यांचे प्रश्न निराळे. प्रक्रिया होते कशी, हाती आलेला पदार्थ हवा तोच आहे का, आणि तो किती शुद्ध आहे?

मी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. आणि नंतर ॲनालिटिकलमध्ये (पदार्थात काय आणि किती आहे ते तपासणारी शाखा) एम.एस्सी. केलं. आता तळोज्याला एका औषध कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग) आहे. नव्या मुलांच्या मुलाखतींना बसते, तेव्हा एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. थिअरी पाठ असते, पण प्रॅक्टिकल अंगात मुरलेलं नसतं.

कॉलेजात टायट्रेशनची (ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडून प्रमाण मोजण्याची) रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायची पद्धत सर्रास आहे. पहिलं रीडिंग आलं की उरलेली दोन त्याच्या आसपासची लिहून टाकायची आणि जर्नल सर्टिफाइड करून घ्यायचं. कृपा करून ही सवय लावून घेऊ नका. कंपनीत एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं) सॉफ्टवेअर प्रत्येक इंजेक्शनची, म्हणजे आत सोडलेल्या प्रत्येक नमुन्याची, आणि प्रत्येक बदलाची नोंद वेळेसकट ठेवतं. परदेशी नियामकांचे तपासनीस येतात तेव्हा त्या नोंदी आधी उघडतात. खोटं रीडिंग सापडलं तर प्रश्न एका केमिस्टपुरता राहत नाही, अख्ख्या कारखान्याचा माल अडकू शकतो. आणि त्या गोळ्या कुणाच्या तरी आईवडिलांच्या पोटात जाणार असतात. म्हणून रीडिंग जुळलं नाही तर जुळलं नाही असंच लिहा, आणि का जुळलं नाही ते शोधा. ब्युरेट नीट धुतलं होतं का? नोझलमध्ये हवेचा बुडबुडा होता का? या शोधातच तुम्ही केमिस्ट होता.

एम.एस्सी.ला शाखा निवडताना बहुतेकांचा ओढा ऑरगॅनिककडे, म्हणजे कार्बनचे रेणू बनवण्याच्या केमिस्ट्रीकडे, असतो. त्याला मुंबईपुरतं तरी ठोस कारण आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणजे तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवणारा केमिस्ट सोन्याच्या मोलाचा झाला, आणि इथला औषधउद्योग त्या कामावर वाढला. २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्लाने एचआयव्हीवरचा तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं, तरी सिंथेसिसच्या (रेणू बनवणाऱ्या) माणसांची गरज संपलेली नाही. एम.एस्सी.ला बेकर–वेंकटरामन पुनर्रचना ही ऑरगॅनिकमधली प्रक्रिया शिकाल, तेव्हा लक्षात ठेवा, त्यातले वेंकटरामन पुढे माटुंग्याच्या आयसीटीचे (तेव्हाच्या यूडीसीटीचे) संचालक होते. मला मात्र ॲनालिटिकल आवडलं आणि नोकरीही लवकर मिळाली. फिजिकल, इनऑरगॅनिकची मुलं कमी असतात. संशोधनात जायचं असेल तर या शाखांना मुळीच कमी लेखू नका.

संशोधनाची ओढ असेल तर तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी उपक्रम घेतं. आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर जॅमची प्रवेश परीक्षा असते. पुढे पीएच.डी.साठी नेट किंवा गेट या परीक्षा. ट्रॉम्बेच्या बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) एम.एस्सी.नंतर परीक्षा आणि मुलाखतीतून वर्षभराचं प्रशिक्षण मिळतं, आणि ते पूर्ण करणारे वैज्ञानिक अधिकारी होतात. कलिन्याच्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेलाही केमिस्ट लागतात, त्यासाठी सरकारी जाहिरातींवर लक्ष ठेवा. शिक्षकीचा मार्ग आहेच.

नुसत्या बी.एस्सी.वर प्रॉडक्शन किंवा क्यूसीत सुरुवात होते. शिफ्ट असते, पहिला पगार बेताचा असतो, आणि तळोजा, अंबरनाथ, तारापूर हे रोजचे प्रवास दमवणारे आहेत. आर अँड डीत (संशोधन विभागात) बसायचं तर बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. लागतंच. घरची परिस्थिती बेताची असेल त्यांनी दोन वर्षं नोकरी करून मग एम.एस्सी. केलेलंही मी पाहिलंय, आणि वर्गात तीच मुलं सगळ्यात चांगले प्रश्न विचारतात.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची लॅब एकदा बघून या. एका ब्युरेटवर किती जण उभे असतात, फ्यूम हुड (विषारी वाफा बाहेर ओढणारी पेटी) चालू आहे का, एचपीएलसी किंवा जीसी (वायुरूपात घटक वेगळे करणारं यंत्र) मुलांना हात लावायला मिळतो की नुसता काचेतून दाखवतात, हे तिथल्याच तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कटऑफपेक्षा ही उत्तरं जास्त उपयोगी पडतील.