ओपन सोर्समध्ये उतरताय? या चुका टाळा

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. वेबसाइट बनवायला वापरला जाणारा एक्सप्रेस जेएस हा असाच एक प्रोजेक्ट. २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या गिटहब रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन कोडसाठ्यात, पुल रिक्वेस्टचा ('माझा हा बदल घ्या' अशा विनंत्यांचा) लोंढा आला. कोणी रीडमी फाइलमध्ये स्वतःचं नाव घालत होतं, कोणी एखादी ओळ उगाच वाढवत होतं. पाठवणाऱ्यांत आपल्याकडचे विद्यार्थी बरेच होते. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवणाऱ्या एका लोकप्रिय व्हिडिओत नमुना म्हणून हाच प्रोजेक्ट दाखवला होता आणि बघणाऱ्यांनी धडा जसाच्या तसा गिरवला. सरावाला स्वतःची रिकामी रिपॉझिटरी पुरली असती. त्याऐवजी असंख्य वेबसाइट ज्या कोडवर चालतात, तो सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांना प्रत्येक विनंती उघडून, वाचून बंद करत बसावं लागलं.

त्या मुलांचा हेतू वाईट नव्हता, शिकायची ओढ खरी होती. पण ओपन सोर्समध्ये सगळ्यात महाग असतो तो मेंटेनरचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा वेळ, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ याच एका गोष्टीत आहे. करिअरला फायदा व्हावा म्हणून ओपन सोर्समध्ये यायला काहीच हरकत नाही. पण तो फायदा होतो कशातून, हे आधी नीट समजून घ्या.

आकड्यामागे धावणं

हॅक्टोबरफेस्ट २०१४ पासून चालू आहे. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक पुल रिक्वेस्ट करा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना होती. २०२० साली चार पुल रिक्वेस्टची अट होती आणि त्या वर्षी निरर्थक बदलांचा इतका मारा झाला की आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिला असेल, त्यातलंच काम धरलं जाईल.

गिटहब प्रोफाइलवर रोजच्या कामाची नोंद दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांचंही तेच. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराची लिंक माझ्यासमोर येते तेव्हा मी चौकोन मोजत नाही. एखादी पुल रिक्वेस्ट उघडतो आणि खालची चर्चा वाचतो. समोरच्याने 'असं का केलंत?' विचारल्यावर याने काय उत्तर दिलं? मेंटेनरचं म्हणणं पटलं नाही तेव्हा कारण देऊन मांडलं, की रागावून विंडो बंद केली? टेस्ट लिहायला सांगितल्यावर लिहिली का? एखाद्या इंजिनिअरबरोबर रोज काम करताना कसं वाटेल, हे या चर्चेतून जेवढं कळतं तेवढं तासाभराच्या मुलाखतीतून कळत नाही. अशी एक चर्चा पन्नास टायपो-दुरुस्त्यांपेक्षा मोलाची आहे.

स्वतः न वापरलेला प्रोजेक्ट निवडणं

'बिगिनरसाठी कुठला प्रोजेक्ट चांगला?' असं लोक विचारतात आणि उत्तरात मोठमोठी नावं येतात. मग लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा कुबर्नेटीस क्लोन करून, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून ठेवलं जातं आणि फोल्डर तसाच पडून राहतो. तुमच्या ऑफिसच्या प्रोजेक्टची डिपेन्डन्सी फाइल उघडा. त्यातल्या कुठल्या लायब्ररीने गेल्या वर्षभरात तुम्हाला रात्री जागवलं? कुठल्या बगसाठी तुम्ही स्वतःच्या कोडमध्ये ठिगळ लावून ठेवलंय? सुरुवात तिथून करा. त्या बगचा त्रास तुम्ही भोगलाय, म्हणून तुम्ही लिहिलेला रिपोर्ट नेमका असेल आणि दुरुस्ती खरंच चालते का हेही तुम्हालाच आधी कळेल.

गूगल समर ऑफ कोडचा विचार करणाऱ्यांसाठी वेगळा शब्द. नवख्यांना ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मेंटरच्या हाताखाली काम देणारा हा कार्यक्रम २००५ पासून आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. संस्थांची यादी अलीकडे साधारण फेब्रुवारीत लागते आणि बरेच जण त्या दिवशी जागे होतात. तोवर काही उमेदवार त्या प्रोजेक्टमध्ये चार-पाच महिने काम करून बसलेले असतात आणि मेंटर त्यांना नावाने ओळखत असतात. मागच्या वर्षांच्या याद्या सगळ्यांना पाहता येतात. वर्षानुवर्षं येणाऱ्या संस्थांपैकी एक निवडून दिवाळीनंतरच कामाला लागा.

'प्लीज असाइन मी'

सोप्या इश्यूखाली (नोंदवलेल्या बगखाली किंवा कामाखाली) 'सर, प्लीज असाइन धिस टू मी' अशी आठ-दहा मंडळी रांगेत असतात. त्यातल्या कोणी कोड उघडून पाहिलाय का, हे मेंटेनरला कळायला मार्ग नसतो. नेमून दिलेलं काम करायची कॉलेजची आणि ऑफिसची सवय इथे आड येते. बहुतेक प्रोजेक्टना कॉमेंटमध्ये काय हवं असतं, त्याचा एक नमुना:

'मुख्य ब्रांचवर हा बग मला दिसला. फाइलच्या नावात स्पेस असेल तरच येतो, नसेल तर येत नाही. पाथ जोडणाऱ्या फंक्शनमध्ये अवतरणचिन्हं लावली जात नाहीत, तिथे गडबड असावी. तिथेच दुरुस्त करू, की फंक्शनला कॉल होतो तिथे? टेस्ट लिहायला घेतोय.'

मेंटेनर याला एका ओळीत उत्तर देऊ शकतो. काही प्रोजेक्टमध्ये काम स्वतःच्या नावावर घ्यायची ठरलेली पद्धत असते. झुलिप या चॅट ॲपच्या प्रोजेक्टमध्ये त्यासाठी बॉट आहे. ते सगळं कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती फाइल न वाचता विचारलेला प्रश्न लगेच ओळखू येतो.

बिल्डच होत नाही, तेव्हा

कोड स्वतःच्या मशीनवर चालता करायच्या या टप्प्यावर सगळ्यात जास्त लोक गळतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण अडचण बहुतेक वेळा सुटण्यासारखी असते. रीडमीमधल्या सूचना जुन्या झालेल्या असू शकतात. त्याऐवजी सीआयची, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेची कॉन्फिग फाइल उघडा. गिटहबवर ती डॉट-गिटहब फोल्डरच्या आत वर्कफ्लोज नावाच्या फोल्डरात असते. सर्व्हरवर बिल्ड आणि टेस्ट रोज तिच्यावरूनच चालतात, त्यामुळे पायथनची कुठली आवृत्ती, कुठली सिस्टिम पॅकेजेस, कुठल्या क्रमाने कमांड, हे सगळं तिथे चालू स्थितीत सापडतं. त्या आवृत्त्या आणि तुमच्या मशीनवरच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहा. निम्मे प्रश्न इथेच मिटतात.

तरी अडलात तर विचारा, लाजू नका. पण एररचा स्क्रीनशॉट टाकू नका. मजकूर कॉपी करा, पहिल्या एररपासून करा. शेवटची ओळ बहुतेक वेळा आधीच्या एररचा परिणाम असते. ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्ती आणि काय काय करून पाहिलं तेही लिहा.

आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल तर गिट बायसेक्ट वापरा (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, त्यातला नोंदवलेला एक बदल म्हणजे कमिट). चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगितला की ते दर वेळी मधला कमिट तपासायला समोर ठेवतं. हजार कमिटांमधून गुन्हेगार शोधायला दहाएक फेऱ्या पुरतात. 'या कमिटपासून बिघडलंय' एवढी एक ओळ लिहिणाऱ्या नवख्याला मेंटेनर विसरत नाहीत, मग दुरुस्ती दुसऱ्या कोणी का केलेली असेना.

एकाच पॅचमध्ये सगळं कोंबणं

दोन ओळींची दुरुस्ती, पण एडिटरच्या फॉरमॅटरने सेव्ह करताना अख्खी फाइल बदलून टाकली. डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दिसतो तिथे, चारशे ओळी लाल-हिरव्या. खरा बदल कुठला हे शोधणं तपासणाऱ्याच्या माथी. पाठवण्याआधी स्वतःचा डिफ एकदा परक्याच्या नजरेने वाचा, असंबंधित ओळी गिट ॲड पॅचने गाळा. व्हेरिएबलची नावं सुधारायची असतील तर तो बदल वेगळा पाठवा.

कमिट मेसेजमध्ये 'काय बदललं' ते कोडच सांगतो. 'का बदललं' ते तुम्ही लिहा. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे तुमचा बदल दुसऱ्या कोणाच्या बदलाशी भिडला, म्हणून जुनी पुल रिक्वेस्ट बंद करून नवी उघडू नका, झालेली चर्चा तुटते. त्याच ब्रांचवर रिबेस करा (तुमचे कमिट ताज्या कोडवर बसवा) आणि फोर्स विथ लीज हा पर्याय वापरून पुश करा. आणि पहिल्या कमिटआधी गिटमध्ये कुठला ईमेल घातलाय ते बघून घ्या. ऑफिसच्या पत्त्याने केलेला कमिट इतिहासात कायमचा राहतो.

उत्तर येत नाही म्हणून मागे लागणं

पॅच पाठवून दोन दिवस झाले, काहीच हालचाल नाही. लगेच मेंटेनरला लिंक्डइनवर मेसेज जातो, मग ट्विटरवर. हे करू नका. आठवडा-दोन आठवडे थांबा, मग त्याच ठिकाणी नम्रपणे एक ओळ लिहा. लिनक्स कर्नलसारख्या प्रोजेक्टचं वेळापत्रक समजून घ्या: एक आवृत्ती निघाली की लगेच पुढच्या आवृत्तीसाठी दोन आठवड्यांची मर्ज विंडो असते, तेव्हा मेंटेनर जमलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात आणि नव्या पॅचकडे सहसा बघत नाहीत. कधी कधी पॅच चुकीच्या माणसाकडे गेलेला असतो. कर्नलमध्ये कुठल्या फाइलसाठी कोणाला पाठवायचं हे सांगणारी गेट मेंटेनर नावाची स्क्रिप्टच आहे.

तगाद्याचा परिणाम कुठवर जातो हे फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या एक्सझेड युटिल्सने दाखवलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात असलेलं हे साधन लासे कॉलिन एकटेच, फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी मेलिंग लिस्टवर त्यांच्यामागे तगादा लावला: काम हळू चाललंय, दुसऱ्याकडे सोपवा. आपली मानसिक तब्येत बरी नाही, हे त्यांना तिथे जाहीरपणे लिहावं लागलं. पुढे 'जिया टॅन' नावाने मदत करणाऱ्याला कोडमध्ये थेट बदल करायचे अधिकार मिळाले आणि त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घुसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला. तो त्याने सोडला नाही आणि प्रकरण उघडकीला आलं. त्यानंतर थोड्याशा कामावर कमिटचे अधिकार मागणाऱ्या नव्या माणसाकडे मेंटेनर सावधपणे बघतात आणि त्यांचं बरोबरच आहे. अधिकार मागू नका. काम करत राहा, वेळ आली की ते स्वतः विचारतात.

नोकरीचा करार न वाचणं

याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. अनेक आयटी कंपन्यांचे करार त्याच्याही पुढे जातात आणि घरी, सुट्टीच्या दिवशी लिहिलेला कोडही त्यात ओढतात. ऑफर लेटरसोबत आलेली ती पानं आज पुन्हा वाचा. मग मॅनेजर आणि लीगल टीमकडून ईमेलवर परवानगी घ्या. प्रोजेक्ट कुठला, लायसन्स कुठलं, काम कोणाच्या वेळात आणि कोणाच्या लॅपटॉपवर, हे चारही मुद्दे त्यात येऊ द्या. तोंडी 'हो, कर की' वर विसंबू नका, मॅनेजर बदलतात.

हा फक्त तुमचा प्रश्न नाही. लिनक्स कर्नलमध्ये पॅचखाली 'साइन्ड ऑफ बाय' लिहावं लागतं. २००४ मध्ये आलेल्या त्या पद्धतीचा अर्थ असा की हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असं तुम्ही लिहून देताय. हक्क कंपनीचा असेल तर तुम्ही प्रोजेक्टलाच अडचणीत आणता. ऑफिसच्या कोडचा तुकडा उचलून टाकणं तर अजिबात नको.

एआयने लिहिलेलं न समजता पाठवणं

इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग जानेवारी २०२४ पासून जाहीरपणे लिहितायत की भाषिक मॉडेलने रचलेले, अस्तित्वातच नसलेल्या सुरक्षा-त्रुटींचे रिपोर्ट त्यांच्या टीमचा वेळ खातात. जेंटू या लिनक्स वितरणाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये एआयच्या मदतीने केलेलं योगदान घ्यायचंच नाही असं ठरवलं. काही प्रोजेक्टना चालतं, पण सांगून. नियम आधी शोधा. परवानगी असली तरी प्रत्येक ओळ का आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसेल तर पाठवू नका. तपासणारा तेच विचारणार आहे.

कोडलाच योगदान मानणं

मराठी येणाऱ्या इंजिनिअरसाठी इथे मोठं काम पडलंय. 'आचाऱ्यांना' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या मजकुरात शोधला तर साधा सर्च रिकाम्या हाताने परततो. आपण वापरतो त्या एडिटरमध्ये, डेटाबेसमध्ये, सर्च इंजिनमध्ये काय होतं ते तपासून, दोन्ही प्रकारांचे कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) देऊन रिपोर्ट लिहिणं ही मोलाची मदत आहे. मराठी न वाचणाऱ्या डेव्हलपरच्या हे ध्यानात येणंच कठीण. फायरफॉक्सचं भाषांतर पॉन्टूनवर आणि लिबरऑफिसचं वेबलेटवर, अशा ऑनलाइन मंचांवर चालतं, तिथेही मराठीला तपासणारे हात हवे आहेत. फॉस युनायटेड या ओपन सोर्स संस्थेच्या पुण्या-मुंबईतल्या मीटअपना गेलात तर असं काम करणारी माणसं प्रत्यक्ष भेटतील.

रेझ्युमेत हे कसं लिहायचं, असंही विचारलं जातं. 'ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर' या तीन शब्दांनी काहीच कळत नाही. काय बिघडलं होतं, तुम्ही काय शोधलंत, बदल कुठल्या आवृत्तीत गेला आणि त्याची लिंक, एवढ्या दोन ओळी लिहा.

न सांगता गायब होणं

नवी नोकरी, लग्न, आजारपण, परीक्षा, काहीही येऊ शकतं. घेतलेला इश्यू अर्धवट राहिला म्हणून कोणी रागवत नाही. पण तुमचं नाव त्याच्यावर लागलेलं असतं तोवर दुसरं कोणी हात लावत नाही. एक कॉमेंट टाका: इथपर्यंत झालंय, ब्रांच इथे आहे, ही एक टेस्ट अजून पडतेय, मला पुढे जमणार नाही. असाइनमेंट काढून घ्या म्हणावं. पुढचा माणूस ती ब्रांच उचलून तिथूनच सुरू करतो, आणि वर्षभराने तुम्ही परत आलात तर दार उघडंच असतं.