व्हीसींच्या यादीतली पुस्तकं वाचताना मी जिथे अडकले

व्हेंचर कॅपिटलमध्ये (व्हीसी, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणारे फंड) ॲनालिस्ट व्हायचं असलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. क्लेटन क्रिस्टेन्सेन यांचं ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’, इंटेल चालवलेल्या अँडी ग्रोव्ह यांची दोन पुस्तकं, कार्लोता पेरेझ यांचं ‘टेक्नॉलॉजिकल रेव्होल्यूशन्स अँड फायनान्शियल कॅपिटल’. न्यूयॉर्कचे फ्रेड विल्सन यांच्यासारखे मुरलेले गुंतवणूकदार पेरेझबाईंचं पुस्तक वर्षानुवर्षं सुचवत आले आहेत. तेव्हा वाचाच. फक्त मी वाचली तशी वाचू नका.

मी चार महिन्यांत अकरा पुस्तकं संपवली, त्यातली निम्मी सारांशाच्या ॲपवर. पुण्यातल्या एका छोट्या फंडात नोकरी लागली. तिसऱ्याच मेमोला, म्हणजे पैसे लावावेत का यावरच्या टिपणाला, ठेच लागली. गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणारं स्टार्टअप होतं. बाजारातल्या मोठ्या कंपनीपेक्षा सरस, महाग, आणि गिऱ्हाईकही तेच. मी बिनधास्त क्रिस्टेन्सेन यांचा ‘डिसरप्टिव्ह’ (प्रस्थापितांना उलथवणारं) हा शब्द लिहून मोकळी झाले. आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “मग त्या मोठ्या कंपनीला हेच करण्यापासून कोण अडवतंय?” मला उत्तर देता आलं नाही. ती शांतता अजून आठवते.

त्या रात्री क्रिस्टेन्सेन यांचं मूळ पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात हार्ड डिस्कचा एक तक्ता आहे. सारांशात तो नव्हता, आणि सगळी गोम तिथेच आहे. 1981 साली 8 इंची ड्राइव्हमध्ये 60 मेगाबाइट मावत, नव्या 5.25 इंचीत फक्त 10. नवी ड्राइव्ह संथही होती. दर मेगाबाइटला जुनीचे 50 डॉलर पडत, नवीचे 200. म्हणजे नवी वस्तू ‘स्वस्त’ होती हेसुद्धा अर्धंच खरं. मात्र अख्खी ड्राइव्ह 3000 ऐवजी 2000 डॉलरला मिळे, आणि वजन 21 पौंडांवरून 6 वर आलेलं. मिनिकॉम्प्युटर (नावाने मिनी, पण टेबलावरच्या संगणकाहून मोठे) बनवणाऱ्यांना तिचा काही उपयोग नव्हता. 8 इंचीवाल्या कंपन्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकांना विचारलं, त्यांनी नको म्हटलं. ती खपली टेबलावरच्या छोट्या संगणकांमध्ये, जिथे आकार आणि एकूण किंमत महत्त्वाची होती. पुढे तिची क्षमता इतकी वाढली की मिनिकॉम्प्युटरवाल्यांचंही तिच्यावर भागू लागलं.

हे दोनदा वाचा, कारण अडकायला होतं ते इथेच. ‘डिसरप्टिव्ह’ म्हणजे भारी नव्हे, आणि नुसतं स्वस्तही नव्हे. जुन्या कंपनीच्या चांगल्या गिऱ्हाइकाला आज जे नकोसं वाटतं, आणि म्हणून ती कंपनी शहाणपणानेच ज्याच्याकडे पाठ फिरवते, ते. आमच्या स्टार्टअपचं सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांना हवंच होतं. मग ती गप्प का बसेल? क्रिस्टेन्सेन यांनी 2015 साली स्वतः लिहिलं की उबर त्यांच्या व्याख्येत बसत नाही, कारण टॅक्सीने आधीपासून फिरणारेच तिचे गिऱ्हाईक होते. आणि आयफोन चालणार नाही असं 2007 मध्ये म्हणणारेही तेच. त्यांनी त्याची तुलना इतर मोबाइलशी केली होती, खरी धडक लॅपटॉपला बसत होती. सिद्धांत मांडणाऱ्याची तुलना चुकते, तर तुमची पहिल्या वर्षी चुकली म्हणून खचू नका.

सारांशाची ॲपं आजच काढून टाका. माझं हे मत टोकाचं वाटलं तरी चालेल. सारांश निष्कर्ष ठेवतो आणि अटी गाळतो, आणि या धंद्यात पैसे अटींवर लागतात. मेंटॉरला “काय वाचू?” असंही विचारू नका, अशा उत्तरांनी यादी नुसती लांबते. एखादं पान वाचून त्यांच्याकडे जा आणि हे कुठे लागू होत नाही ते विचारा. मला अकरा पुस्तकांपेक्षा मॅडमच्या त्या एका प्रश्नाने जास्त दिलं.

पेरेझ वाचताना मी पुन्हा तेच करणार होते. नव्या तंत्रज्ञानाच्या मागे आधी सट्ट्याचा पैसा धावतो, मग आपटी, आणि त्यानंतर ते तंत्रज्ञान घराघरांत पोचतं, असा त्यांचा आराखडा आहे. सुरुवात 1771 च्या क्रॉमफर्डच्या सूतगिरणीपासून, पाचवी लाट 1971 च्या इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरची. ब्रिटनमध्ये 1840 च्या दशकात रेल्वेचे शेअर कोसळले, पण रूळ जागेवर राहिले. हे वाचून मला लगेच 1865 ची मुंबई आठवली, बॅक बेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे कोसळलेले शेअर आणि त्या सट्ट्यातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद. समासात उत्साहाने खूणही केली. मग थांबले. तो पैसा कुठल्या यंत्रातून आला नव्हता. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि इथला महागला, त्यातून आला होता. युद्ध संपलं, भाव पडले. पेरेझबाईंचा आराखडा तिथे बसतच नाही. ती खूण खोडताना, खरं सांगते, फार बरं वाटलं.

सुरुवात ग्रोव्हच्या ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’पासून करा. जपानी कंपन्यांपुढे इंटेलचा मेमरी चिपचा धंदा बसत चाललेला असताना, 1985 मध्ये त्यांनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला हाकलून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मेमरीतून बाहेर पडेल, मूर म्हणाले. तेवढं प्रकरण नीट वाचा, मग क्रिस्टेन्सेनचा तक्ता हाताने वहीत उतरवा, आणि त्यानंतर पेरेझ. पहिली पन्नास पानं जड जातील. मलाही गेली, दोनदा अर्ध्यावर ठेवलं होतं.