डिप्लॉयमेंट शेअर: कुणाला कुठे लिहू द्यायचं?

आयटी सपोर्टच्या पहिल्या वर्षी मी पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे बसायचे आणि विंडोज टाकायचे. नेटवर्कवरून एकदम अनेक मशीनवर विंडोज टाकणारं मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट, म्हणजे एमडीटी, हाती आलं तेव्हा वाटलं, सुटले! सर्व्हरवर एक शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर) बनवला, इमेज (विंडोजची तयार प्रत), ड्रायव्हर, सॉफ्टवेअर सगळं त्यातच कोंबलं.

दोनच आठवड्यांत फटका बसला. वीस मशीनवर इन्स्टॉलेशन चालू असताना मी त्याच शेअरमधल्या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरचं नाव 'जरा नीट' केलं. नऊ मशीन ती पायरी ओलांडून गेली होती, उरलेल्या अकरांवर एरर. चूक नावात नव्हती. जिथून मशीन वाचत होती तिथेच मी खेळत होते.

तेव्हापासून मी दोन वेगळे शेअर ठेवते. एक बिल्डचा: प्रयोग, इमेज तयार करणं, ती कॅप्चर करणं, म्हणजे तयार मशीनवरून फाइलमध्ये उतरवणं. दुसरा प्रॉडक्शनचा: तपासून झालेली विम फाइल (इमेजची फाइल) आणि पक्कं झालेलं सॉफ्टवेअर फक्त इथे जातं. डिस्कवर जागा जास्त लागते, लागू दे.

नवीन माणूस फोल्डरांची नावं ठरवण्यात दिवस घालवतो. मी आधी कागदावर एवढंच लिहिते: या फोल्डरमध्ये कोण लिहिणार? इमेज आणि ड्रायव्हरमध्ये फक्त अ‍ॅडमिन. इन्स्टॉलेशनच्या खात्याला, म्हणजे ज्या खात्याने मशीन शेअरला जोडतात त्याला, तिथे फक्त वाचायची परवानगी. त्याने लिहायचं ते लॉगमध्ये (काय घडलं त्याच्या नोंदींत) आणि बिल्ड शेअरच्या कॅप्चर फोल्डरमध्ये. लॉगसाठी तर मी वेगळाच शेअर करते. परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरवर आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरांवर), आणि दोन्हींतली जी कडक तीच चालते. 'फुल कंट्रोल दिलाय तरी लिहिता येत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हे खातं एवढं जखडायचं कारण बूटस्ट्रॅप डॉट आयएनआय, म्हणजे कोणत्या शेअरला जोडायचं ते मशीनला सांगणारी फाइल. त्यात खात्याचा पासवर्ड लिहिला तर तो साध्या मजकुरात राहतो, आणि ही फाइल बूट इमेजच्या, म्हणजे इन्स्टॉलेशनसाठी मशीन जिच्यावरून सुरू होते तिच्या, पोटात जाते. ती इमेज ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड वाचता येतो. शेअरच्या नावाच्या शेवटी लावलेलं डॉलर चिन्ह शेअरला फक्त यादीतून लपवतं, कुलूप लावत नाही. त्यामुळे तिथे सगळ्या नेटवर्कवर सत्ता असलेलं डोमेन अ‍ॅडमिनचं खातं टाकू नका, 'तात्पुरतं' म्हणूनही नाही. (तात्पुरतं टाकलेलं किती वर्षं टिकतं, हे मी पाहिलंय.)

याच फाइलने माझी एक दुपार खाल्ली. सर्व्हरचं नाव बदललं, फाइलमध्ये दुरुस्त केलं, तरी मशीन जुन्याच सर्व्हरला हाका मारत होती. कस्टमसेटिंग्ज डॉट आयएनआय, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या बाकी सेटिंगची फाइल, शेअरवरून वाचली जाते, तिच्यातला बदल पुढच्या इन्स्टॉलेशनला आपोआप लागतो. बूटस्ट्रॅप बदलली की मात्र शेअर अपडेट करून बूट इमेज नव्याने बनवावी लागते, आणि पीएक्सई सर्व्हरवरची (जो नेटवर्कवरून मशीन सुरू करतो त्याच्यावरची) जुनी इमेज बदलावी लागते. मी ती बदललीच नव्हती.

ड्रायव्हर एका ढिगात टाकू नका. विंडोजची आवृत्ती, मग कंपनी, मग मॉडेल, अशी उतरंड करा. मॉडेलच्या फोल्डरचं नाव मशीन स्वतःबद्दल जे सांगतं तेच हवं. सिस्टम इन्फर्मेशन उघडा, 'सिस्टम मॉडेल'समोर जे असेल ते जसंच्या तसं उचला. काही मशीनवर तिथे नावाऐवजी नुसता कोड असतो.

नेटवर्कचा हिशोब आधीच करा. गिगाबिट लाइन कागदावर सेकंदाला १२५ एमबी देते, प्रत्यक्षात ११० धरा. ६ जीबीची इमेज एकाच वेळी ३० मशीनवर म्हणजे १८० जीबी, जवळपास अर्धा तास, आणि डिस्कने साथ दिली तरच. दूरच्या शाखेत शेअरची प्रत तिथल्याच सर्व्हरवर ठेवा, पण बदल एकाच मूळ शेअरवर करा. डीएफएस रेप्लिकेशनमध्ये (विंडोज सर्व्हर आपापल्या प्रती सारख्या ठेवतात ती सोय) दोघांनी एकच फाइल बदलली तर शेवटी लिहिणाऱ्याची राहते.

सगळं मांडून झालं की मी इन्स्टॉलेशनच्या खात्याने प्रॉडक्शन शेअर उघडते आणि इमेजच्या फोल्डरमध्ये एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवून बघते. बनली, तर त्या दिवशी एकही मशीन लावत नाही.